निमुळती चार भोकं

भोक पाडणं हे काम लोकांना हलकं वाटतं. माझ्या नणंदेला तर अजून वाटतं की मी बोईसरला पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर ड्रिल मशीनचा दांडा खाली ओढते आणि संध्याकाळी घरी येते. तिला समजावणं मी सोडून दिलंय. भोकं दोन प्रकारची असतात. एकातून काहीतरी आरपार जातं आणि दुसऱ्यात काहीतरी बसतं. आरपार जाणारं भोक कुणीही पाडावं. बसणारं भोक पाडायला माणूस चिडखोर लागतो, आणि चिडखोरपणात आमच्या गाळ्यांच्या लाइनीत मला कुणी हरवू शकत नाही.

मी टर्नर आहे. पालघरला आयटीआय केलं तेव्हा त्या ट्रेडला मी एकटीच मुलगी होते. पुढे तारापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये बरीच वर्षं काढली. तिथल्या सुपरवायझरशी माझं मापाच्या एका गेजवरून वाजलं आणि मी स्वतःची शेड घेतली. एक लेथ, एक मिलिंग मशीन, दोन्ही जुनी, दोन्ही माझ्यासारखीच कुरकुर करणारी. केमिकल कंपन्यांच्या पंपांचे शाफ्ट, पाइपाच्या जोडाला लागणाऱ्या फ्लँजच्या चकत्या, भोकात ठोकायचे नळकांडीसारखे बुश असली कामं येतात. बरं चाललंय.

तो माणूस आला तेव्हा मी फ्लँजच्या ढिगात होते. वीजकेंद्रात नोकरी, राहायला कॉलनीत, मूळचा साताऱ्याकडचा. बोलणं इतकं मऊ की मशीन बंद करावं लागलं. त्यानं एक जुनी जीप घेतली होती आणि सुट्टीच्या दिवशी तो ती उंच करत होता. उंच केली की मूळचे आर्म पुरत नाहीत, म्हणून शेजारच्या गाळ्यातल्या वेल्डरकडून त्यानं जाड पाइपाचे नवे चार आर्म बनवून घेतले होते. आर्म म्हणजे गाडीचं पुढचं चाक ज्या लोखंडी हातांनी धरलेलं असतं ते. प्रत्येकाच्या टोकाला वेल्डरनं एकेक भरीव गोळा जोडला होता. त्या गोळ्यांत भोकं पाडायची होती.

"दीदी, सीधा होल होता तो मैं ही मार देता," वेल्डर दारातून म्हणाला. "ये टेपर है, ये आपका खाता है."

टेपर म्हणजे निमुळतं. चाकाशी बॉल जॉइंट असतो. त्याच्या एका टोकाला गोळी, जी सगळ्या बाजूंना फिरते, आणि दुसऱ्या टोकाला निमुळती पिन. ही पिन आर्मच्या भोकात वरून उतरते आणि बाटलीत बूच बसावं तशी घट्ट बसते. खालून बाहेर आलेल्या टोकावर आटे असतात, त्यावर नट. लोकांना वाटतं नट सगळं धरून ठेवतो. नट फक्त पिनेला ओढून धरतो. चाक धरून ठेवतो तो निमुळत्या भोकाचा आणि निमुळत्या पिनेचा एकमेकांना लागलेला अंगाचा अंगाशी स्पर्श. तो स्पर्श नसला तर पिन हलते, हलली की झिजते किंवा तुटते, आणि मग चाक आपल्या वाटेनं जातं आणि गाडी आपल्या वाटेनं.

"होईल," मी म्हणाले. "पण घाई करायची नाही."

"अजिबात नाही ताई. फक्त आई येणार आहे गावाहून. तिला जव्हारला न्यायचं कबूल केलंय, त्याच्या आत झालं तर बरं."

म्हणजे घाई होतीच.

त्याच संध्याकाळी माझ्या आईचा दांडीहून, आमच्या किनाऱ्यावरच्या गावाहून, फोन आला. विषय नेहमीचा, मामाचा. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. मामी गेल्यापासून तो ओटीवर बसून असायचा. जेवायला वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर मागायचा नाही. बोलणं तर आटलंच होतं. "त्याच्या हातात कायतरी दे गं," आई म्हणाली. "हात रिकामे हायत म्हनून तो असा झालाय. नायतर तो असाच बसल्या बसल्या जाईल."

हे बोलणं मला लागलं, कारण माझ्या हातात पहिल्यांदा कानस दिली ती मामानं. दांडीपासून खाली दातिवऱ्यापर्यंतच्या होड्यांची इंजिनं त्यानं उघडली आणि बंद केली. पण त्याची खरी ख्याती पंख्याची. होडीच्या मागे पाण्यात फिरतो तो पंखा शाफ्टच्या निमुळत्या टोकावर बसवतात, आणि तो तसूभर जरी सैल बसला तर भर समुद्रात निघून जातो. मामानं बसवलेला पंखा निघाला असं मी कधी ऐकलं नाही. हल्ली शाफ्ट आणि पंखे जोडीनं तयार येतात, बसवायला डीलरची माणसं येतात. मामाला कुणी हाक मारेनासं झालं.

मी फोनवर मामाला म्हणाले, "निमुळतं काम आलंय. मला एकटीला जमत नाही."

"तुला जमत नाय?" तो म्हणाला. बऱ्याच महिन्यांनी त्याच्या आवाजात चेष्टा होती. "मंग आयटीआयत काय बोंबील सुकवत होतीस?"

दुसऱ्या दिवशी तो शेअर रिक्षानं बोईसरला आला, हातात पिशवी. पिशवीत दोन कपडे, घासायच्या पेस्टचा जुना डबा आणि एका डबीत खोबरेल तेलात खललेली काजळी. काम होईपर्यंत तो माझ्याकडेच राहणार होता.

मुंबईहून रीमर मागवला होता, म्हणजे निमुळतं भोक कापायचं हत्यार. आठाला एक असा उतार. मी आर्म मिलिंग मशीनवर पक्के आवळले, आधी सरळ ड्रिल मारलं आणि मग तेल सोडत, अगदी सावकाश, एकेक भोक रीमरनं कापलं. चारही झाली. प्रत्येकात पिन घालून पाहिली, नट लावून पाहिला. हे नट साधे नसतात. त्यांच्या माथ्यावर किल्ल्याच्या तटासारख्या खाचा असतात. पिनेच्या आट्यांत एक आडवं बारीक छिद्र असतं. नट आवळला की खाच त्या छिद्रासमोर यायला हवी, म्हणजे खाचेतून आरपार स्प्लिट पिन, म्हणजे दुहेरी तारेचा काटा, घालून नट फिरू नये असा बांधता येतो. चारही ठिकाणी खाच बरोबर समोर येत होती. पिना भोकात किती खोल बसल्या ते मी मोजलं आणि कागदावर लिहून ठेवलं.

मग मामानं आपली डबी उघडली. त्याची पद्धत अशी की पिनेला बोटानं काजळीचा पातळ हात फिरवायचा, पिन भोकात घालून थोडी फिरवायची आणि बाहेर काढायची. भोकात जिथे काळं लागलं तिथे स्पर्श आहे, जिथे कोरं राहिलं तिथे नाही. कंपनीत आम्ही यासाठी निळा रंग वापरायचो, पण काजळी काही कमी खरं सांगत नाही. पिन निघाली. भोकात वरून तीन हिस्से काळं होतं, तळाशी एक कोरा पट्टा.

"एवढं पुरतं मामा," मी म्हणाले. "गाडीला एवढं चालतं."

"पुरतं म्हंजे काय?" त्यानं माझ्याकडे बघितलं. "पंखा असा बसवला असता तर खांडेरीपर्यंत पोचला नसता."

आणि त्यानं पेस्टचा डबा उघडला. पेस्ट लावून पिन भोकात घालायची आणि हातानं उलटसुलट फिरवत राहायची. लोखंड लोखंडाला घासतं, उंचवटे जातात, शेवटी दोन्ही एकमेकांना पुरेपूर लागतात. पंख्याला तो हेच करायचा. एकेका भोकाला त्यानं निम्मा दिवस दिला.

मी माझ्या फ्लँजवर होते. मधूनमधून जाऊन बघत होते. खरं सांगायचं तर भोकाकडे कमी आणि मामाकडे जास्त बघत होते. तो स्टुलावर पाय दुमडून बसलेला, तोंडानं काहीतरी पुटपुटत, हात चालू. दुपारी डबा उघडला तर त्यानं दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी आहे का विचारलं. वेल्डरशी हिंदीत भांडला, कारण वेल्डर म्हणाला की होडीचा पंखा काय आणि गाडीचं चाक काय, एकच. संध्याकाळी मी आईला फोन करून सांगितलं की तुझा भाऊ भांडला, तेव्हा ती फोनवर रडली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चारही भोकं वरपासून तळापर्यंत काळीभोर झाली. मामानं पिन बाहेर काढून मला दाखवली. एवढंच म्हणाला की हात पुसायला कापड दे.

इथे मी माप घ्यायला हवं होतं. कागद समोर होता, खोलीमापक ड्रॉवरमध्ये होतं. पण आमच्या किनाऱ्यावर एक रीत आहे. जाणत्या माणसानं पंखा बसवला की मागून दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही, हलवून बघायचं नाही. नारळ फोडायचा आणि होडी पाण्यात ढकलायची. मागून तपासणं म्हणजे त्याला नावं ठेवणं. मी लहानपणापासून हे पाहिलंय. मामाच्या मागून माप लावायला माझा हात धजला नाही, आणि शिवाय तो इतका खुशीत होता. एरवी मी कुणालाही सोडत नाही.

आर्म गेले. सातारकर शनिवारी स्वतः ते गाडीला बसवणार होता. त्याच्याकडे टॉर्कचा पाना होता, ठरल्याइतकं आवळलं की टिक् असा आवाज करणारा. संध्याकाळी त्याचा फोटो आला. पुढचं चाक काढलेलं, आर्म रंगवलेला, पिनेवर नट, त्यात चकचकीत स्प्लिट पिन. खाली लिहिलं होतं, चारही बसले, चारही टिक् झाले, मामांना नमस्कार सांगा. मी मामाला दाखवला. त्यानं फोन लांब धरून डोळे बारीक केले. "झकास," तो म्हणाला. मीही झकास म्हणाले.

रविवारी सकाळी मी बोंबील साफ करत होते. नवरा पहिल्या पाळीवरून येणार होता. फोन समोर डब्याला टेकवून ठेवला होता आणि उगीचच मी तो फोटो परत उघडला. आपलं काम दुसऱ्याच्या गाडीत बसलेलं बघायला बरं वाटतं, त्यात काय लाजायचं. बघता बघता सुरी थांबली.

स्प्लिट पिन नटाच्या खाचेत नव्हती. ती नटाच्या माथ्यावरून, बाहेरून गेली होती.

होडीच्या पंख्याला ती तशीच असते. तिथे नट साधा, आणि पिन त्याच्या मागून शाफ्टमध्ये. म्हणून मामाला ते बरोबर दिसलं आणि म्हणून मलाही. वीस वर्षं कंपनीत काढूनही नजर शेवटी दांडीचीच. पण या नटाला पिन खाचेतूनच जायला हवी, आणि माझ्या शेडमध्ये खाच बरोबर समोर येत होती. आता ती येत नाही याचा अर्थ एकच होता. निमुळती पिन भोकात खोल गेली होती.

आठाला एकचा उतार म्हणजे काय, तर भोक एका केसानं रुंद झालं की पिन आठ केस खाली जाते. मामानं दीड-दोन दिवस घासलं होतं. पंख्याच्या शाफ्टला भरपूर आटे असतात, पंखा थोडा आत गेला तर काही बिघडत नाही, नट आणखी फिरतो. गाडीच्या पिनेला आटे मोजके. नट फिरत फिरत आट्यांच्या शेवटाला जाऊन अडला, पान्यानं टिक् केलं, आणि सातारकराला वाटलं आवळलं. आवळलं नव्हतंच. नट आट्यांवर अडकून बसला होता आणि पिनेला कुणी ओढून धरलेलं नव्हतं. काजळी खरं सांगत होती. स्पर्श पुरेपूर होता. फक्त तो दाबून धरणारं कुणी नव्हतं.

बोंबलाच्या हातानंच फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला.

"निघतोच आहोत ताई. आई गाडीत बसली सुद्धा."

"गाडी हलवू नका," मी म्हणाले. "एक फूटभर पण नाही. मी येते."

आत मामा चहा पीत बसला होता. मी म्हणाले पिन खोल गेलीय. त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. कप खाली ठेवून त्यानं चपला घातल्या. तो स्कूटरवर माझ्या मागे बसला. जव्हारचा घाट माझ्या डोळ्यांपुढे येत होता, आणि मी ठरवलं होतं ते एवढंच की मामाला कुणी काही बोलता कामा नये. आत्ता कुठे तो जेवायला लागला होता.

गाडी बिल्डिंगखाली उभी होती. सातारकराची आई पुढच्या सीटवर, मांडीवर डब्यांची पिशवी, आणि ती उतरायला तयार नव्हती. एकदा बसलं की उतरायचं नाही, अपशकुन होतो, असं तिचं म्हणणं. शेवटी सुनेनं खुर्ची आणून सावलीत ठेवली तेव्हा उतरली. सातारकरानं जॅक लावला, चाक काढलं. मी स्प्लिट पिन ओढली आणि नटाला पाना लावला. पाव फेऱ्यात सैल. पुढे बोटांनी फिरला.

नट काढल्यावरही निमुळती पिन सुटत नसते. नीट बसलेली असली तर हातोडीचे दोन सणसणीत घाव घालावे लागतात, तेव्हा ती टण् करून सुटते. मी हातोडी उचललीच नाही. आर्मला हात लावला आणि पिन गुपचूप बाहेर आली.

सातारकरानं ती पिन हातात घेतली. मग त्यानं सावलीतल्या आईकडे बघितलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"हे कसं झालं ताई?"

मामा माझ्या शेजारी उभा होता. त्यानं तोंड उघडलं असावं, पण मी आधी बोलले. "रीमर चुकीचा आला. मुंबईहून माल खराब पाठवला त्यांनी. भोक मोठं कापलं गेलं. मी भरून देते, तुम्हाला काही त्रास होणार नाही."

"म्हणजे काय! माणसं मेली असती!" मऊ बोलणारा माणूस चिडला की जास्त भीती वाटते. "दुकानाचा नंबर द्या. मी बोलतो त्यांच्याशी."

"बघते मी," म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

घरी आल्यावर मामानं कपडे पिशवीत भरले आणि दुपारच्या रिक्षानं दांडीला गेला. जेवून जा म्हटलं तर भूक नाही म्हणाला. सोमवारी आला नाही. मंगळवारी, बुधवारी आला नाही. फोन केला की आई उचलायची. तो ओटीवर बसलाय, तिनं सांगितलं. पूर्वीसारखाच.

मला राग आला होता, आणि खाली कुठेतरी धास्ती होती. शुक्रवारी आमच्या लाइनीत वीज नसते. मी स्कूटर काढून दांडीला गेले. आई म्हणाली तो खाली किनाऱ्याकडे आहे. बोंबील वाळवायच्या बांबूंच्या मांडवाखाली तो एका उलट्या टोपलीवर बसला होता. समोर बायका सुके बोंबील काढत होत्या. मी जवळ जाऊन उभी राहिले तरी त्यानं वर बघितलं नाही.

"येत का नाहीस?"

"काम झालं ना."

"झालं नाही, बिघडलंय. चारही भोकं सरळ मोठी करायची, त्यात लोखंडी बुश ठोकून वेल्ड करायचे आणि परत निमुळती कापायची. उद्या तो आर्म घेऊन येतोय."

"मंग कर. तुला येते."

माझं डोकं फिरलं. "मी तुला वाचवलं मामा. चारचौघांत तुझं नाव येऊ दिलं नाही. आणि तूच फुगून बसलायस?"

आता त्यानं वर बघितलं.

"वाचवायला मी काय बुडत होतो?"

तो टोपलीवर सरळ बसला.

"लहान पोरानं दूध सांडलं तर आई काय बोलते? मांजरानं सांडलं बोलते. तसं केलंस तू माझं." त्याचा आवाज चढला नव्हता. "पन्नास वर्सं पंखे बसवले मी. ते सगले माझे. आनि बिघडलेली चार भोकं मुंबईच्या दुकानवाल्याची? त्या बिचाऱ्यानं काय केलेलं? त्यानं तर रीमर चांगला पाठवला."

"तुला वाईट वाटलं असतं म्हणून."

"वाटू दे ना! वाटायला पायजेच."  बायकांपैकी एकीनं मान वळवून बघितलं आणि परत कामाला लागली. "आनि माप का नाय घेतलंस? घासत होतो तेवा दहादा आलीस. बघत होतीस मला. भोक नाय बघितलंस."

"तू मोठा आहेस. तुझ्या मागून माप कसं लावणार?"

"मोठा हाय म्हनून नाय," मामा म्हणाला. "म्हातारा हाय म्हनून. मोठ्या मानसाला आमी सोडत नव्हतो. माझा बाप चुकला तर मी त्याला सांगायचो, आनि तो मला शिव्या देऊन परत बसवायचा."

मला रडू आलं. मी सहसा रडत नाही, चिडते, पण त्या दिवशी चिडायला काही उरलं नव्हतं. आईच्या सांगण्यावरून मी त्याच्या हातात काम दिलं होतं, खरंय. पण मी ते लहान मुलाच्या हातात खुळखुळा देतात तसं दिलं होतं. त्याला कामाला बोलावताना जमत नाही म्हणाले ते खोटं, घासताना थांबवलं नाही ते खोटं, आणि शेवटी त्या माणसासमोर बोलले ते तर उघड खोटं. मायेपोटी मी एका कारागिराला तीन वेळा कमी लेखलं होतं आणि मला वाटत होतं मी भलं करतेय.

"उद्या किती वाजता येतोय तो?" मामानं विचारलं.

"दहाला."

"बरं," तो म्हणाला, आणि टोपलीवरून उठताना त्यानं माझ्या खांद्याचा आधार घेतला.

शनिवारी तो माझ्याआधी शेडवर पोचला होता. मी शटर उघडलं तेव्हा पिशवी घेऊन दाराशी उभा होता. दहाच्या सुमाराला सातारकर आला. चारही आर्म गोणपाटात गुंडाळून आणले होते. ते त्यानं टेबलावर ठेवले आणि खिशातून फोन काढला. "ताई, त्या दुकानाचा नंबर तुम्ही दिला नाहीत अजून."

मी उत्तर द्यायच्या आत मामा पुढे झाला. त्यानं टोपी काढून हातात घेतली होती.

"साहेब, दुकानवाल्याला काय बोलू नका. रीमर चांगला होता. हिनं भोकं बरोबर कापलेली. मी ती घासली, होडीच्या पंख्यासारखी, आनि जास्त घासली. तुमच्या आईला मी घाटात घालवत होतो. चूक माझी हाय."

 सातारकरानं माझ्याकडे बघितलं.

"पण ताई, तुम्ही तर म्हणालात..."

"मी खोटं बोलले," मी म्हणाले. "आणि माप मागून मला घ्यायचं होतं, ते मी घेतलं नाही. तेवढी चूक माझी."

त्यानं फोन खिशात ठेवला. गोणपाटाची गाठ सोडली, परत बांधली, परत सोडली. त्याला राग आला असावा, आणि तो यायलाच हवा होता. त्यानं आर्म उचलून दुसरीकडे नेले असते तरी मी त्याला अडवलं नसतं.

"मग आता हे परत कोण करणार?" शेवटी त्यानं विचारलं.

"मी," मामा म्हणाला.

"आणि मागून माप मी घेणार," मी म्हणाले.

"घे," मामा माझ्याकडे न बघता म्हणाला. "दोनदा घे."

सातारकर टेबलाकडे वळला. मग त्यानं गोणपाटातून पहिला आर्म काढला. मी घ्यायला हात पुढे केला होता. त्यानं तो मामाच्या हातात दिला.